फुकटचा पडदा आणि आमची कबड्डी

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेसाठी आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघात माझी निवड झाली. ही आनंदाची बातमी सांगायला मी मामाच्या गावी गेले. मामा नुकतेच हळदीला पाणी देऊन आले होते. हातपाय धुऊन ओसरीवर टेकले. माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "टीव्हीवर लागतो का तुमचा सामना?"

मी म्हणाले, "नाही मामा."

"मग कशाला उगी गुडघे फोडून घ्यायलीस माय?"

मामांच्या मनात वाईट काही नव्हते. उलट लहानपणापासून त्यांनी माझे लाडच केले आहेत. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या मनात काट्यासारखा रुतून बसला. जे टीव्हीवर दिसत नाही, ते खरोखर घडतच नाही काय? आणि खेळ पडद्यावर यायचा की नाही, हे ठरवतो तरी कोण? या प्रश्नांनी मला वर्षभर छळले. त्यांचा माझ्या कुवतीप्रमाणे विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच. मी काही क्रीडासमीक्षक नाही. कला शाखेची तिसऱ्या वर्षाची एक साधी विद्यार्थिनी आणि संघातली डावी कोपरारक्षक आहे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी थोडे मागे जाऊ. माझे वडील दहा वर्षांचे असतानाची, म्हणजे १९८७ सालची गोष्ट ते नेहमी सांगतात. गावात एकच टीव्ही, तोही ग्रामपंचायतीचा. उंच बांबूला बांधलेला अँटेना फिरवायला एक पोरगा कौलावर चढलेला आणि खाली पन्नास-साठ माणसे. वरून पोरगा ओरडायचा, "आलं का?" आणि खालून गर्दी ओरडायची, "मुंग्या! मुंग्या! जरा नागपूरकडं वळव!" ३१ ऑक्टोबरला भारत आणि न्यूझीलंड यांचा विश्वचषकाचा सामना नागपुरातच होता. त्या सामन्यात चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि गावसकरने एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक झळकावले. हदगावावरून जाणारा रस्ता नागपूरला जातो, म्हणून तो सामना आपल्याच रस्त्यावर चालला आहे, असे त्या पोरांना वाटत होते. दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक पोराच्या हातात बाभळीची फळी होती. तोवर त्या गावात क्रिकेट नव्हतेच, असे वडील सांगतात. होता तो हुतुतू, खो-खो, विटीदांडू आणि कुस्ती.

मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की त्या पन्नास-साठ माणसांतील एकानेही सामना पाहण्यासाठी पैसा मोजला नव्हता. दूरदर्शन फुकट होते. भारतात दूरचित्रवाणीची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीला झाली, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी निघाले, आणि १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने रंगीत चित्रे आली. नंतरच्या काही वर्षांत देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि त्याच सुमारास भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या १८३ धावांना उत्तर देताना वेस्ट इंडिज १४० धावांत बाद झाले आणि हा सामना दूरदर्शनवर दिसला. पडद्याचे सामर्थ्य किती, ते त्याच स्पर्धेतील दुसऱ्या एका सामन्यावरून कळते. १८ जूनला झिंबाब्वेविरुद्ध कपिल देवने नाबाद १७५ धावा काढल्या. त्या खेळीचे चित्रीकरणच उपलब्ध नाही. ती खेळी श्रेष्ठ होती, हे सगळे मान्य करतात. पण डोळ्यांसमोर उभी राहते ती लॉर्ड्सच्या सज्जातील कपिलची, हातात चषक घेतलेली छबी.

येथे कोणी म्हणेल, की फुकट दाखवले म्हणजे खेळ लोकप्रिय होतोच, असा सोपा हिशेब मी मांडते आहे. तसे नाही. हा हिशेब हॉकीने कधीच खोटा पाडला आहे. १ डिसेंबर १९८२ रोजी आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. तोही सामना दूरदर्शनवरच दिसला. ज्यांनी हॉकीचे विजय रेडिओवर ऐकले होते, त्यांनी हॉकीचा पराभव डोळ्यांनी पाहिला. पडदा खेळाला घरोघर नेतो. पण तिथे लोक काय पाहतील, जय की पराजय, हे काही पडद्याच्या हातात नाही. त्यावर खेळाचे दैव, त्याची व्यवस्था, त्याची मैदाने, सारे अवलंबून असते. तेव्हा फुकटचा पडदा म्हणजे खेळाचे बी नव्हे. त्याला पाटाचे पाणी म्हणता येईल. बी चांगले नसेल तर नुसत्या पाण्याने पीक येत नाही. पण बी कितीही चांगले असले आणि पाणीच मिळाले नाही, तर काय होते, ते मराठवाड्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

आता आमच्या कबड्डीकडे वळते. कबड्डीचे बी अस्सल आहे, याविषयी दुमत नसावे. या खेळाचे नियम बांधण्यात महाराष्ट्रातील संस्थांचा वाटा मोठा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी त्यासाठी उभे आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत भारताच्या पुरुष संघाने ओळीने सात सुवर्णपदके जिंकली.

वाचताना मला एका योगायोगाची मोठी मौज वाटली. ज्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपला खेळ परदेशी दाखवला गेला, तेच ऑलिंपिक दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेले जगातले पहिले ऑलिंपिक. तेव्हा घरोघर संच नव्हते; बर्लिन शहरात सार्वजनिक खोल्यांमध्ये पडदे लावले होते आणि लोक तेथे जाऊन विनामूल्य खेळ पाहत. म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीच्या टीव्हीचे मूळ तिथपर्यंत जाते, म्हणायचे! पडदा आणि कबड्डी एकाच वर्षी एकाच शहरात होते; पण दोघांची खरी गाठ पडायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

ती गाठ पडली २६ जुलै २०१४ रोजी. त्या दिवशी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या शेजारी केबल होती आणि संध्याकाळी आम्ही सगळी पोरे त्यांच्या दारात. निळ्या-नारिंगी मॅटवर खेळणारे ते खेळाडू, तो उजेड, तीस सेकंदांचे ते घड्याळ! आमच्या गावचा मातीतला खेळ असाही दिसू शकतो, हे पाहून आम्ही थक्क झालो. पहिल्या वर्षीच कोट्यवधी लोकांनी तो पाहिला आणि आयपीएलच्या खालोखाल प्रेक्षक मिळाल्याचे आकडे वर्तमानपत्रांत आले. ३१ ऑगस्टला जयपूरने मुंबईला ३५-२४ असे हरवले, तेव्हा आमच्या गल्लीतली अर्धी पोरे रडली होती. दुसऱ्या दिवसापासून मारुतीच्या पारासमोर चुन्याच्या रेषा पडल्या. जिथे आधी तीन दगडांचे स्टंप असत, तिथे मध्यरेषा आली.

मीही त्यातलीच. घोट्याची पकड मी कोणा गुरूकडून शिकले नाही. टीव्हीवर पाहून शिकले आणि धाकट्या भावाच्या पायावर गिरवली. (त्याबद्दल आईचा मार खाल्ला, तो वेगळा.) म्हणून पडद्याचे उपकार नाकारण्याचा कृतघ्नपणा माझ्याकडून होणार नाही. पडद्याने खेळाडूला पैसाही दिला. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला सर्वांत मोठी बोली मिळाली, ती १२ लाख ८० हजारांची. २०१८ मध्ये काही खेळाडूंची बोली एक कोटीच्या वर गेली. जत्रेत नारळ आणि फेट्यावर समाधान मानणाऱ्या खेळाला हे दिवस आले, याचा आनंद कोणाला होणार नाही?

पण मित्रमैत्रिणींनो, येथून पुढे माझी तक्रार सुरू होते. ती दोन प्रकारची आहे.

पहिली तक्रार, हा पडदा फुकट नाही. केबलचे किंवा छत्रीचे पैसे दर महिन्याला भरावे लागतात आणि क्रीडा वाहिन्यांचे त्यात वेगळे. सुगीच्या दिवसांत भरले जातात. पाऊस लांबला की घरात पहिली काटछाट होते ती याच खर्चाची. आमच्या शेजारची केबल अशीच एका वर्षी बंद झाली आणि दारातला घोळका पांगला. २०१७ साली क्रीडा सामने दाखवणारी एक खासगी मोफत वाहिनी निघाली, तेव्हा कुठे मामांच्या पत्र्यावरच्या फ्री डिशवर कबड्डी दिसू लागली. फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची २००४ साली सुरू झालेली सेवा. एकदा छत्री आणि पेटी विकत घेतली की महिन्याचा खर्च नाही. त्या हंगामात मामांना बाराही संघांची नावे पाठ होती. म्हणजे आवड होतीच. दार तेवढे उघडायचे बाकी होते.

या दाराविषयी कायदा काय म्हणतो, ते मी मुद्दाम वाचून पाहिले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादात निकाल दिला, की ध्वनिचित्रलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको आणि खासगी व्यक्तीचीही नको. पुढे २००७ साली संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून जाहीर झालेला सामना खासगी वाहिनी दाखवत असेल, तर तिने तो त्याच वेळी, स्वतःच्या जाहिराती काढून, प्रसार भारतीलाही दिलाच पाहिजे, असा तो नियम आहे. जाहिरातींतून जे मिळेल, त्यातला किमान ७५ टक्के वाटा हक्क घेणाऱ्याचा आणि उरलेला प्रसार भारतीचा. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी क्रिकेट सामने, ऑलिंपिक, आशियाई स्पर्धा अशा गोष्टी या यादीत आल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असे मिळालेले चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील केंद्रांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवता येईल. खासगी केबलवाल्यांना त्याचा लाभ देता येणार नाही. जमिनीवरची बहुतेक केंद्रे आता बंद झाली आहेत. म्हणजे गरिबाच्या घरी खेळ पोहोचवणारी कायद्याची वाट अखेर मामांच्या पत्र्यावरच्या त्या छत्रीतून जाते.

कोणी विचारील, मोबाईल आहे ना! आहे. पण हा कायदा झाला तेव्हा मोबाईलवर सामने पाहण्याची कल्पनाही कोणी केली नव्हती. शिवाय मोबाईल हा एकट्याचा पडदा आहे. घरात एकच चांगला मोबाईल असला, तर तो कोणाच्या हातात असतो, हे मी सांगायला नको. ओसरीवरच्या टीव्हीसमोर आजी बसते, आई भाजी निवडता निवडता पाहते, शेजारची मुलगी दारातून डोकावते. एखाद्या खेळाची गोडी नकळत लागते ती अशी. पैसे भरून सामना पाहणारा हा आधीच भक्त झालेला असतो; नवा भक्त तयार होतो तो सहज कानावर पडलेल्या कीर्तनाने.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. क्रिकेटच्या माहेरी, इंग्लंडमध्येही हेच घडले. २००५ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिका मोफत वाहिनीवर दिसली आणि एका सामन्याच्या वेळी एका क्षणी ८४ लाख लोक ती पाहत होते. दुसऱ्या वर्षापासून इंग्लंडमधील कसोटी सामने पैसे भरण्याच्या वाहिनीवर गेले. त्यानंतर तेथे वाद चालू झाला, की मुलांच्या डोळ्यांआड गेलेला खेळ मुलांच्या मनात राहील काय? २०१९ साली इंग्लंड विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले, तेव्हा तो एक सामना मोफत वाहिनीलाही देण्यात आला. तिकडच्या रग्बीचीही तीच कथा. १९९५ साली तो खेळ व्यावसायिक झाला आणि १९९७ पासून काही वर्षे इंग्लंडचे घरच्या मैदानावरील सामने पैशाच्या पडद्यामागे गेले. पुढे ते परत मोफत वाहिनीवर आले. २०२५ साली तेथील सहा राष्ट्रांच्या स्पर्धेचे हक्क पुढील चार वर्षांसाठी पुन्हा दोन मोफत वाहिन्यांनी मिळून घेतले. रग्बी आपल्याला परका वाटतो. पण धावत्या गड्याची कंबर धरून त्याला जमिनीवर आणायचे, ही त्यातली मुख्य गंमत आपल्या कोपरारक्षकाला काही परकी नाही. सांगायचा मुद्दा हा, की श्रीमंत देशालाही ज्या प्रश्नावर माघारी यावे लागते, तो प्रश्न हदगावच्या मुलीने विचारला तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

आमच्या एका प्राध्यापकांशी मी या विषयावर बोलले, तेव्हा त्यांनी मला चांगलेच अडवले. ते म्हणाले, "फुकट दाखवायचे, तर खेळाडूला पैसे कोण देणार? दूरदर्शनच्या एकछत्री काळात क्रिकेट मंडळाला सामने दाखवण्यासाठी उलटे पैसे द्यावे लागत होते, हे तुला ठाऊक आहे का? आणि इंग्लंडमध्ये वाहिनीकडून मोठी रक्कम मिळू लागल्यानंतरच, २०१४ साली, महिला क्रिकेटपटूंना पहिल्यांदा पूर्णवेळ करार मिळाले." सरांचे म्हणणे खरे आहे आणि त्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. सगळेच फुकट असावे, असे मलाही वाटत नाही. खेळाडूचे पोट टाळ्यांनी भरत नाही. पण म्हणून सगळेच विकत असावे, असेही नाही. अडीच-तीन महिन्यांच्या स्पर्धेतील बहुतेक सामने विकत असू द्यात. अंतिम सामना तेवढा सर्वांना दिसू द्यात. देवळातल्या पूजेची पावती फाडतात, पण कळसाचे दर्शन रस्त्यावरून कोणालाही होते. खेळाचाही कळस तेवढा मोकळा असावा, एवढेच माझे म्हणणे.

आता दुसरी तक्रार, आणि ती मला अधिक लागते. हा पडदा फुकट असो वा विकतचा, त्यावर मी नाही. म्हणजे मुली नाहीत.

माझीच गोष्ट सांगते. शाळेत असताना मला अनुप कुमार, अजय ठाकूर, पवन सेहरावत ही नावे तोंडपाठ होती. एकदा आमच्या संघाच्या सरांनी विचारले, "महाराष्ट्राच्या पाच महिला कबड्डीपटूंची नावे सांग." मला एकही सांगता आले नाही. मी कबड्डी खेळणारी मुलगी, आणि मला एकही नाव माहीत नव्हते! त्या दिवशी वाटलेली लाज मी विसरलेले नाही. नंतर वाचनालयात शोधले तेव्हा कळले, की २०१२ साली पाटण्याला महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, ती भारताने जिंकली, आणि त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. अभिलाषा म्हात्रे यांना पुढे २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे पुरुषांची लीग सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी आपल्या मुली जगज्जेत्या झाल्या होत्या, आणि आमच्या मारुतीच्या पारापर्यंत ती बातमी पोहोचलीच नाही.

२०१६ साली महिलांसाठीही अशी स्पर्धा घेऊन पाहिली गेली. तीन संघ, एक महिना. अंतिम सामना अवघ्या एका गुणाने, २४-२३ असा सुटला. इतका अटीतटीचा सामना झाल्यावर दुसरे वर्ष यायला हवे होते. ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला, महिला संघ अंतिम फेरीत हरला. चर्चा झाली ती मुख्यतः पुरुषांच्या पराभवाची. हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई स्पर्धेत दोन्ही संघांनी सुवर्णपदक परत आणले; महिलांचा अंतिम सामना २६-२५ असा होता. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला भारतीय महिलांनी पुन्हा विश्वचषक जिंकला. मी ते दुसऱ्या दिवशी वाचले. आमच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींना सांगितले, तर एकीने विचारले, "असतो का गं बायकांचा विश्वचषक?" तिला मी दोष कसा देऊ? सरांनी विचारले तेव्हा मीही तिच्याच जागी होते.

मुलीच्या बाबतीत पडद्याला आणखी एक अर्थ आहे, तो मुलांना कदाचित कळणार नाही. गावातला मुलगा कबड्डी खेळतो, तेव्हा त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मुलीला लागते. अर्धी चड्डी घालून मातीत लोळायचे, एसटीने परगावी जायचे, रात्री उशिरा परतायचे, या प्रत्येक गोष्टीला घरातून "कशाला?" असा प्रश्न येतो. खो-खोच्या विश्वचषकाने याबाबतीत थोडे काम केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला तो झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. प्रियांकाचा चषक घेतलेला फोटो आमच्या गावात मोबाईलवर फिरला, तेव्हा माझ्या चुलत बहिणीचे सराव बंद करण्याचा विषय घरात आपोआप मागे पडला. पडद्यावर दिसलेली एक मुलगी शंभर बापांशी वाद घालते, तो असा.

मग करावे काय? नुसती रडगाणी गाऊन वार्षिकांकाची पाने भरू नयेत, म्हणून तीन सूचना करते.

एक, आपली मराठी वाहिनी सह्याद्री ही लोकांच्या पैशावर चालते आणि फुकट दिसते. राज्य अजिंक्यपद कबड्डी आणि खो-खो स्पर्धांचे अंतिम सामने, पुरुषांचे आणि महिलांचेही, तिने दर वर्षी ठरलेल्या वेळी दाखवावेत. वेळ ठरलेली असली की माणसे संच लावून बसतात. हे रविवार सकाळच्या रामायणाने १९८७ सालीच सिद्ध केले आहे.

दोन, आपल्या महाविद्यालयात सभागृह आहे, पडदा आहे, प्रोजेक्टर आहे. एरवी त्याचा उपयोग स्नेहसंमेलन आणि भाषणे यांपुरताच होतो. पुढच्या आशियाई स्पर्धेत महिलांचा कबड्डीचा सामना असेल, त्या दिवशी तो सर्वांसाठी तेथे लावावा. गावातील लोकांनाही बोलवावे. बर्लिनच्या त्या खोल्या आणि आमच्या ग्रामपंचायतीचा टीव्ही यांची परंपरा पुढे चालवायला आपल्याला फारसा खर्च येणार नाही.

तीन, आणि ही सूचना माझ्यासकट आपणा सर्वांना आहे. मामांना मी नंतर एकदा विचारले, "मामा, तुम्ही तरुणपणी जत्रेत खेळायचा, तेव्हा कुठं होता टीव्ही?" मामा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "टीव्ही नव्हता, पर मैदानाभवती पाचशे माणूस उभा राहायचा. दम घुमवत गेलं की सगळे श्वास धरायचे." मला वाटते, मामांच्या पहिल्या प्रश्नाचा खरा अर्थ हा होता. कोणी पाहणार आहे का, एवढेच त्यांना विचारायचे होते. पूर्वी पाहणारे मैदानावर असत; आता पाहणे म्हणजे टीव्ही, अशी त्यांची आणि आपली सर्वांचीच समजूत झाली आहे. टीव्हीने आम्हाला कबड्डी परत दिली. पण मैदानाच्या कडेचा माणूस उचलून तिने ओसरीवर नेऊन बसवला, तो काही परत आला नाही. गेल्या वर्षी आमच्या घरच्या मैदानावर उपांत्य सामना झाला, तेव्हा आमच्यापैकी जेमतेम तीस जण हजर होते. त्याच वेळी कँटीनमध्ये मोबाईलभोवती क्रिकेट पाहणारे याहून अधिक होते, हे मी स्वतः मोजले आहे.

तो सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या चढाईत माझ्या हातातून घोटा निसटला. तो दोष माझाच. आमच्या संघातील एका राखीव मैत्रिणीने बाकावर उभे राहून मोबाईलवर त्याचे चित्रीकरण केले होते. चित्र हलते आहे, मध्येच कोणाचे तरी डोके येते, आवाजापेक्षा वारा जास्त आहे. घरी गेल्यावर ते मी आईला दाखवले. तिने मला कधी खेळताना पाहिलेले नव्हते. तिने डोळ्यांजवळ मोबाईल धरून सगळा सामना पाहिला, आणि मग विचारले, "ही डावीकडची तूच का गं? मला वाटलं, दुसरीच कोणी हाय." आम्ही हरलो, हे तिच्या लक्षातही आले नव्हते. तिने तो परत लावायला सांगितला.

यंदा माझे शेवटचे वर्ष. पुढच्या वर्षी या संघात माझ्या जागी दुसरी कोणी असेल. तिचा सामना टीव्हीवर लागेल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. पण मैदान कँटीनपासून शंभर पावलांवर आहे आणि तिथे तिकीट नाही, महिन्याची वर्गणी नाही. तेव्हा वाचक बंधुभगिनींनो आणि गुरुजनहो, सूचनाफलकावर सामन्याची वेळ लागली, की एकदा या. आणि येताना घरातल्या कोणाला तरी सोबत आणा. मी माझ्या मामांना आणणार आहे.